तेच पुन्हा किती वेळा सांगायचं?

शेतकऱ्यानं आत्महत्या केली की त्याच्या घरी माणसं येऊ लागतात. आधी पोलीस. मग तलाठी, कृषी सहायक, तहसीलदार. अधूनमधून वार्ताहर, एखादा पुढारी, गाडीभर कार्यकर्ते. प्रत्येकाच्या हातात आपापला कागद असतो आणि प्रश्न सगळे त्याच बाईला असतात. काय झालं, किती वाजता, घरात भांडण होतं का, दारू प्यायचे का, कर्ज कोणाचं आणि किती. तिसऱ्या-चौथ्या माणसाला वऱ्हाडात उत्तर मिळतं ते असं: "सायेब, कालच तं सांगतलं ना."

शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांची नावं देशभर झाली, त्यांतला एक वाशीम. 2006 साली पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, ते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी. राज्य सरकारची मदत वेगळी, एक लाखाची: 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. पण त्याआधी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत ठरतं. सातबारा मृताच्या नावावर आहे का, नापिकी होती का, कर्ज बँकेचं होतं की कोणाचं, वसुलीचा तगादा होता का. म्हणजे तलाठी विचारतो तो प्रश्न खोडसाळ नसतो. त्याच्या नमुन्यात तसा रकानाच असतो.

सरकारी पैसा द्यायचा तर चौकशी हवीच, याबद्दल वाद नाही. पोलिसांचा जबाबही वेगळाच राहणार. पण महसूल, कृषी आणि बाकीच्यांनी तीच चौकशी वेगवेगळी, ओसरीवर, शेजारीपाजारी कान देऊन उभे असताना का करायची? एकानं आत बसून नीट लिहून घेतलं आणि बाकीच्यांनी ते वाचलं, तर कोणता नियम मोडतो? कोणताच नाही. पद्धत पडून गेली आहे, एवढंच. दुखावलेल्या माणसाला कचेरीत, ठाण्यात, रुग्णालयात दुसऱ्यांदा जी इजा होते, ती बहुतेक वेळा कोणा दुष्ट माणसाकडून होत नाही, ती अशा पडून गेलेल्या पद्धतींतून होते. त्यामुळे ती नुसत्या सहानुभूतीनं थांबतही नाही.

या पद्धती तपासून देण्याचा आता एक व्यवसाय झाला आहे. 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड कन्सल्टिंग' हे त्याचं मोठ्या शहरांतल्या कंपन्यांतलं नाव. सल्लागार येतो आणि एकच गोष्ट धुंडाळतो: इथे येणारा किंवा इथे नोकरी करणारा माणूस आधीच काही भोगून आलेला असेल, तर आपल्या कामाची रीत त्याच्यावर काय परिणाम करते? या विचाराची मांडणी अमेरिकेत मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी 2001 मध्ये पुस्तकरूपानं केली. पुढे 2014 मध्ये तिथल्या मानसिक आरोग्याच्या सरकारी यंत्रणेनं तिला अधिकृत रूप दिलं. असे आघात किती सर्वदूर आहेत ते जाणणं, त्यांच्या खुणा ओळखणं, कामकाजात त्याप्रमाणे बदल करणं आणि जखम पुन्हा उघडी पडू न देणं, एवढाच त्याचा गाभा. उपचार हा यातला भाग नाही. उपचार डॉक्टर करतील. कचेरीनं फक्त नव्यानं इजा करू नये.

इथे एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातली सुमारे 70 टक्के माणसं आयुष्यात केव्हातरी जबर आघाताच्या प्रसंगातून जातात, पण त्यातून पुढे जडणारा पीटीएसडी हा आजार त्यांच्यापैकी 5.6 टक्क्यांनाच होतो. म्हणजे बहुतेक माणसं सावरतात. घरच्यांचा आधार मिळाला, हातात काम राहिलं, पुढे काय होणार याची थोडी खात्री असली, की सावरतात. त्यामुळे समोरच्या प्रत्येकाला रुग्ण समजून हळू आवाजात बोलायचं, हाही एक अपमानच आहे. भान ठेवायचं ते आपल्या वागण्याचं.

भीतीनं शरीरात नेमकं काय होतं, हे चौकशी करणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. जिवावर बेतलेल्या क्षणी अ‍ॅड्रिनॅलिनसारखी रसायनं उसळतात. मेंदूतला धोका हेरणारा भाग इतका जागा होतो की त्या क्षणातल्या एखाद-दोन गोष्टी कायमच्या कोरल्या जातात: एक वास, एक वाक्य, दाराची कडी. पण कशानंतर काय झालं, वाजले किती होते, कोण कुठे उभं होतं, याचा धागा तुटतो. मग त्या माणसानं सोमवारी सांगितलेली हकिगत आणि गुरुवारी सांगितलेली हकिगत तंतोतंत जुळत नाही, आणि समोरचा मनात म्हणतो, खोटं दिसतंय. खोटं बोलणारी माणसंही जगात असतात. पण क्रम चुकणं हा खोटेपणाचा पुरावा धरता येत नाही, एवढं तरी विज्ञानानं दाखवून दिलं आहे.

दुसरी गोष्ट गोठण्याची. संकटात माणूस पळतो किंवा लढतो, असं आपण शाळेत शिकलो. तिसरी शक्यता शिकवलीच गेली नाही: तो जागच्या जागी थिजतो. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममधल्या एका आपत्कालीन दवाखान्यात बलात्कारानंतर आलेल्या 298 स्त्रियांची पाहणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 70 टक्के जणींना अत्याचाराच्या वेळी असं थिजणं लक्षणीय प्रमाणात जाणवलं होतं.

विदर्भाला हे शिकायला स्टॉकहोमला जायची गरज नव्हती. 1972 च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात (तेव्हा जिल्हा चंद्रपूर, आता गडचिरोली) एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. तोच मथुरा खटला. खालच्या न्यायालयानं आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे विरोध नव्हता, असा त्या निकालाचा रोख होता. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलनं उठली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात सापडलेली मुलगी ओरडत का नाही, या प्रश्नाचं उत्तर त्या ठाण्याच्या भिंतींतच होतं. ते वाचायला देशाला अकरा वर्षं लागली.

दुसरी घटना वर्ध्याची. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कारपीडित स्त्रियांची वैद्यकीय तपासणी कशी होते, यावर एक परखड अहवाल तयार केला. त्याच्या आधारे 2010 मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. अपुरी माहिती, अशास्त्रीय 'टू फिंगर' चाचणी, संमतीचा पत्ता नाही, असं चित्र त्यातून समोर आलं. 2014 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं तपासणीच्या नव्या मार्गदर्शक सूचना आणल्या. 2022 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं ती चाचणी करणं हे गैरवर्तन मानलं जाईल असं बजावलं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं, की बदल घडला तो डॉक्टरांना 'संवेदनशील व्हा' म्हणून नव्हे. अर्ज बदलला, रकाने बदलले, कोणतं वाक्य लिहायचं नाही हे ठरलं, आणि मग हात बदलले. लहान मुलांसाठीच्या 2012 च्या पोक्सो कायद्यातही हीच समज दिसते. मुलाचा जबाब घेताना पोलिसानं गणवेशात नसावं, मुलाला साक्षीसाठी वारंवार न्यायालयात बोलावू नये, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

आता कचेरीकडे वळू. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती मागतो. वाशीमसारख्या जिल्ह्यात मात्र बहुतेक बाया अशा ठिकाणी नसतातच. कारंजा बाजारपेठेतलं दुकान, रिसोडमधला छोटा दवाखाना, मालेगावची झेरॉक्सची टपरी, सोयाबीन सोंगणीला गेलेली मजुरांची टोळी, घरकाम. त्यांच्यासाठी, आणि मालकाविरुद्धच तक्रार असेल तर सगळ्यांसाठीच, जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते. प्रत्येक तालुक्यात तक्रार घेणारा नोडल अधिकारी नेमायचा आणि त्यानं सात दिवसांत ती समितीकडे पाठवायची, असा नियम आहे. मानधनावर किंवा अगदी स्वयंसेवक म्हणून काम करणारी स्त्रीही या कायद्यात येते. म्हणजे आशा आणि अंगणवाडी सेविकाही.

कागदावर रस्ता चांगला आहे. तो चालून पाहा. मानोऱ्याच्या एखाद्या दुकानात काम करणारी मुलगी तक्रार घेऊन निघाली, तर तिला आधी कोणाला विचारावं लागतं? नोडल अधिकाऱ्याचं नाव कुठल्या भिंतीवर लावलं आहे? पंचायत समितीत शिरल्यावर 'काय काम आहे?' असं दारातच विचारणाऱ्या शिपायाला ती काय सांगणार? अर्ज घेणारा बाबू तो उभ्या उभ्या, चार जणांत वाचून दाखवतो का? पोच मिळते का? सुनावणीच्या दिवशी ती आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, दोघं एकाच बाकावर वाट बघत बसतात का? दोघांना परतीची एसटी एकच आहे का? चांगला सल्लागार पहिल्या दिवशी भाषण देत नाही. तो हा रस्ता स्वतः चालतो आणि वहीत लिहून घेतो.

आणि मग बदल सुचवतो ते असे, की ऐकताना क्षुल्लक वाटावेत. अर्ज बंद पाकिटात घ्या. पहिल्याच भेटीत पुढचं वेळापत्रक लेखी द्या: समोरच्याला प्रत कामकाजाच्या सात दिवसांत जाईल, त्याचं उत्तर कामकाजाच्या दहा दिवसांत येईल, चौकशी नव्वद दिवसांत संपेल. हे सगळे आकडे नियमातलेच आहेत, फक्त ते तक्रारदाराला कोणी सांगत नाही. पुढे काय होणार हे ठाऊक नसणं, हा आघात सोसलेल्या माणसासाठी सर्वांत मोठा जाच असतो. सुनावणीच्या वेळा वेगळ्या ठेवा. खुर्ची दाराजवळ द्या, पाठ दाराकडे नको. सोबत कोणाला आणायचं ते तिला विचारा. हकिगत एकदा सलग सांगू द्या, मधे तारखा विचारू नका. तारखा शेवटी, कागद पुढ्यात ठेवून. 'तेव्हाच का नाही सांगितलंत?' हा प्रश्न गाळा. त्याऐवजी 'सांगायचं केव्हा ठरवलंत?' असं विचारलं तर हवी ती माहिती मिळते आणि फटका बसत नाही. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा तिला मागता येते, हेही कायद्यातच आहे. बदली कोणाची करायची याचा निर्णय मात्र बहुतेक ठिकाणी ठरून गेलेला असतो: जिनं तोंड उघडलं तिची.

यावर एक रास्त आक्षेप येतो, की असं केलं तर समोरच्या माणसाचं काय? त्याच्यावर अन्याय होणार नाही का? उत्तर गोव्यात मिळतं. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीनं घाईघाईनं, लागोपाठ बैठका घेऊन चौकशी उरकली. 2009 मधल्या तक्रारींवरची ती कारवाई सर्वोच्च न्यायालयानं 2023 च्या मे महिन्यात रद्द केली, कारण बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. म्हणजे चौदा वर्षांनी सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. तक्रार करणाऱ्यांनी आता काय करायचं? तेच पुन्हा सांगायचं. ढिसाळ चौकशी दोन्ही बाजूंना मारते. त्याच निकालात या कायद्याची अंमलबजावणी किती ढिली आहे याबद्दल न्यायालयानं खंत व्यक्त केली आणि देशभर समित्या नेमल्या आहेत का हे तपासायला सांगितलं.

पण छळ नेहमी लैंगिक नसतो, आणि इथे कायद्याचा हात आखडतो. 25 मार्च 2021 रोजी मेळघाटात हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आयुष्य संपवलं. त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रांत वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाचे आरोप होते, आणि वर सांगूनही उपयोग झाला नाही अशी व्यथा होती. दोष कोणाचा हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण धाडसी म्हणून नाव असलेल्या, कमरेला सरकारी पिस्तूल असलेल्या अधिकारी बाईलाही आपलं ऐकून घेणारी जागा सापडली नाही, ही गोष्ट अमरावती विभागातल्या प्रत्येक कचेरीनं स्वतःला लावून पाहावी अशी आहे. वाशीम त्याच विभागात येतो. साहेबानं आढावा बैठकीत शंभर जणांत उभं करून पाणउतारा करणं, रात्री नऊला व्हीसी (व्हिडिओ बैठक) लावणं, रजा अडकवून ठेवणं, सारख्या कारणे दाखवा नोटिसा काढणं, याविरुद्ध सेवानियमांपलीकडे स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2019 मध्ये कामाच्या ठिकाणच्या सर्व प्रकारच्या हिंसा आणि छळाविरुद्ध करार केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

त्यात वाशीम 2018 पासून केंद्र सरकारच्या योजनेतला 'आकांक्षित' जिल्हा. नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि गडचिरोलीबरोबर महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत त्याची निवड झाली. दर महिन्याला आकडे भरायचे, देशभरातल्या शंभराहून अधिक जिल्ह्यांत क्रमांक लागणार. हेतू चांगला आहे आणि काही कामं मार्गीही लागली असतील. पण आकड्यांचा तो ताण उतरत उतरत शेवटी नर्सबाई आणि आशाताईपर्यंत येतो, हे बैठकीच्या खोलीतून दिसत नाही.

आशाताईंचं काय, हे तर कोणीच विचारत नाही. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत राज्य सरकारनं 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. विदर्भाचे सहा, मराठवाड्याचे आठ. त्यात आशांनी घरोघर जाऊन प्रश्नावली भरायची, उदास, खचलेली माणसं हेरायची, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे जिल्हा रुग्णालयात पोचवायचं. कल्पना उत्तम आहे. गावातल्याच माणसांना शिकवून असं काम होतं, याचा पुरावा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मिळाला आहे. तिथे 30 गावांत चाललेल्या 'विश्राम' उपक्रमात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. गावात डिप्रेशन म्हणत नाहीत, 'लय टेन्शन हाय' म्हणतात, 'जीव लागत नाही' म्हणतात. ते गावच्या बाईलाच कळतं.

पण 'जगू नये असं वाटतं का?' हा प्रश्न दिवसातून कित्येक घरांत विचारणारी बाई स्वतः त्याच गावची असते. तिचा दीरही कर्जात असतो. ज्याच्याकडे ती प्रश्नावली घेऊन गेली, तो पुढच्या महिन्यात गेला, तर तिला रात्री झोप लागते का? तिला पगार नाही, मोबदला आहे. ऐकून घेण्याचा मोबदला त्यात धरलेला नाही. पंचनामा करणारा तलाठी, शवागारातला कर्मचारी, जबाब लिहिणारी महिला हवालदार, सगळ्यांचं तसंच. दुसऱ्याचं दुःख सतत ऐकून ऐकणाऱ्यालाही तीच लक्षणं जडतात, हे आता सर्वमान्य आहे. महिन्यातून एकदा तासभर, वरिष्ठांच्या अनुपस्थितीत, आशांनी एकत्र बसावं आणि जड गेलेल्या घरांबद्दल बोलावं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या समुपदेशकानं तिथे यावं. एवढं केलं तरी खूप. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. तो रुग्णांना द्यायला सगळे सांगतात, स्वतःसाठी लावायला कोणी सांगत नाही.

या क्षेत्रात एक भोंदूपणाही शिरला आहे. एका दिवसाची कार्यशाळा, सकाळी चहा-पोहे, दुपारी स्लाइड, संध्याकाळी प्रमाणपत्र. त्यातला सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे सगळ्यांना गोल बसवून 'आपापलं दुःख सांगा' म्हणणं. समोर साहेब बसलेले, बाजूला बढतीतले स्पर्धक. बोलणाऱ्याचं रडणं सोमवारी कँटीनमध्ये पोचतं. आघातानंतर लगेच सगळ्यांकडून सगळं वदवून घेणारी एका बैठकीची पद्धत उपयोगाची नाही, उलट काहींना अपाय होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. सल्लागारानं कर्मचाऱ्यांची दुःखं विचारायला सुरुवात केली, की त्याला चहा पाजून निरोप द्यावा. त्याला दाखवायचे असतात ते आपले अर्ज, रजेचं रजिस्टर, सुनावणीची खोली आणि संडासाच्या दाराची कडी.

आणि वार्षिक अहवाल. लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानं दरवर्षी किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, हे कळवावं लागतं. बहुतेक कचेऱ्यांचा तो कागद 'निरंक' असतो आणि तो तसा पाठवताना सुटकेचा श्वास सोडला जातो. शेकडो माणसं काम करतात अशा आस्थापनेत वर्षानुवर्षं निरंक येत असेल, तर जाणकार सल्लागार तिथूनच काम सुरू करतो. तो समितीच्या सदस्यांची नावं विचारतो. पाच कर्मचाऱ्यांना वेगवेगळं गाठून तीच नावं विचारतो. चार जणांना ती सांगता आली नाहीत, तर शून्याचा अर्थ त्याला कळलेला असतो. पुढच्या वर्षी दोन तक्रारी आल्या तर तो साहेबांना सांगतो की काम सुधारलं आहे. ते साहेबांना पटवणं, हा त्याच्या कामातला सर्वांत अवघड भाग.